मेश वायफायवरून फोन का निसटतो?

घरात मेश वायफाय, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या अनेक छोट्या राउटरांचे (नोडांचे) जाळे, बसवल्यानंतरची सर्वांत चक्रावणारी तक्रार म्हणजे टीव्ही आणि टेबलावरचा संगणक महिनोन्महिने बिनबोभाट चालतात, पण फोन मात्र दिवसातून अनेकदा वायफायवरून निसटतो. अशा वेळी पहिला संशय राउटरवर जातो, दुसरा इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीवर, आणि मग सगळे बंद करून पुन्हा सुरू करण्याचा सपाटा लागतो. त्याने तासभर बरे वाटते, कारण त्या निमित्ताने फोन समोर दिसणाऱ्या नोडांपैकी चांगला नोड नव्याने निवडतो. मूळ कारण मात्र जागच्या जागी राहते. ते शोधायचे असेल, तर फोन हे वायफायवरच्या इतर उपकरणांसारखे नाही, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. तो खोलीखोलीतून फिरतो, स्क्रीन बंद होताच झोपी जातो, त्याचा रेडिओ राउटरच्या मानाने क्षीण असतो, आणि वायफायवरचा विश्वास उडाला की मोबाइल डेटाची वाट त्याला मोकळी असते.

मेशमध्ये सगळ्या नोडांना एकच नाव आणि एकच पासवर्ड असतो, म्हणून आपण त्याला एक नेटवर्क समजतो. फोनला मात्र पाटी एकच असली तरी दारे अनेक दिसतात, कारण प्रत्येक नोडच्या प्रत्येक बँडला, म्हणजे रेडिओलहरींच्या पट्ट्याला, स्वतःचा वेगळा पत्ता असतो. यांपैकी कोणत्या दाराने आत राहायचे आणि ते केव्हा बदलायचे, याचा निर्णय वायफायमध्ये फोन घेतो, नोड नव्हे. मोबाइल नेटवर्कमध्ये याच्या अगदी उलट घडते: कॉल चालू असताना आपण पुढे सरकलो, की फोन फक्त मोजमापे कळवतो आणि त्याला दुसऱ्या टॉवरकडे सोपवण्याचा हुकूम नेटवर्ककडून येतो. वायफायचे मूळ मानक १९९७ साली आले तेव्हापासून ही सूत्रे उपकरणाच्याच हाती आहेत, आणि मेशच्या जाहिरातीत दाखवला जाणारा अखंड संचार प्रत्यक्षात फोनच्या मर्जीवर चालतो.

ही मर्जी कशी चालते, याचे आकडे ॲपलने आयफोनपुरते जाहीर केलेले आहेत. सिग्नलची ताकद डीबीएम या एककात मोजतात आणि ती वायफायच्या बाबतीत नेहमी उणे आकड्यांत येते. उणे ५० म्हणजे उत्तम आणि उणे ८० म्हणजे जेमतेम. सिग्नल उणे ७० च्या खाली घसरेपर्यंत आयफोन दुसऱ्या नोडचा शोधच सुरू करत नाही. शोध सुरू झाल्यावरही, डेटाची देवाणघेवाण चालू असेल तर नवा नोड किमान ८ डेसिबलने आणि फोन निवांत असेल तर किमान १२ डेसिबलने सरस असावा लागतो. डेसिबलचे मापन गुणाकाराचे असते, म्हणजे १० डेसिबलचा फरक दहापट ताकदीचा आणि १२ डेसिबलचा सुमारे सोळापट ताकदीचा. खिशातल्या फोनला जुना नोड उणे ७४ आणि हाताशी असलेला नवा नोड उणे ६४ वर ऐकू येत असेल, तर दहापट चांगला पर्याय समोर असूनही तो जुन्यालाच धरून बसतो. त्याच क्षणी इंटरनेटवरून कॉल आला की अट ८ वर उतरते आणि नोड बदलण्याची वेळ नेमकी संभाषणाच्या तोंडाशी येते. अशा हटवादी उपकरणाला या क्षेत्रातले लोक ‘स्टिकी क्लायंट’ म्हणतात. अँड्रॉइड फोनांचे आकडे कंपनीगणिक वेगळे असतात, आणि म्हणूनच एकाच घरातले दोन फोन एकाच जागी वेगवेगळे वागू शकतात.

मग नोडची ताकद वाढवावी, असे सहज मनात येते, आणि अनेक राउटरांत तशी सोयही असते. माझ्या मते हा बहुतेक वेळा उलटा उपाय ठरतो. फोनवरच्या रेघा फक्त एवढेच सांगतात की नोडचे बोलणे फोनला किती स्पष्ट ऐकू येते. फोनचे बोलणे नोडपर्यंत पोहोचते की नाही, हे त्यांतून मुळीच कळत नाही. वायफायमध्ये पाठवलेल्या माहितीची पोच यावी लागते, आणि बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या फोनची पोच दोन भिंतींपलीकडच्या नोडला ऐकू आली नाही, तर तो तीच माहिती पुन्हापुन्हा पाठवतो, वेग उतरवत जातो आणि शेवटी नाद सोडतो. नोडचा आवाज वाढवला, की दूर गेलेल्या फोनलाही तो जवळ भासतो, त्यामुळे फोन त्याला आणखी उशिरा सोडतो. रेघा भरलेल्या आणि नेट ठप्प, या कोड्याचे उत्तर पुष्कळदा इथेच सापडते. ताकद मध्यम ठेवली तर फोन वेळेवर नोड बदलण्याची शक्यता वाढते.

फोनच्या या हट्टावर तोड म्हणून ‘८०२.११’ या वायफायच्या मानकात काही भर पडली. २००८ च्या ‘८०२.११ के’ने फोनला आसपासच्या नोडांची यादी मिळू लागली, त्याच वर्षीच्या ‘८०२.११ आर’ने नव्या नोडशी ओळखपाळख लवकर उरकण्याची सोय झाली, आणि २०११ च्या ‘८०२.११ व्ही’मुळे नेटवर्क फोनला ‘तू त्या नोडकडे जा’ असे सुचवू लागले. पण सुचवणे म्हणजे हुकूम नव्हे. फोन ही सूचना धुडकावू शकतो. तेव्हा काही मेश प्रणाली संयम सोडून फोनला सरळ जोडणीतून बाहेर काढतात, या अपेक्षेने की तो आपसूक जवळच्या नोडकडे जाईल. वारंवार असे बाहेर काढले गेल्यावर अँड्रॉइड त्या नोडचा पत्ता काही काळासाठी टाळण्याच्या यादीत टाकतो, आणि मग चांगला नोड समोर असूनही फोन तिकडे फिरकत नाही. राउटरच्या ॲपमध्ये ‘स्मार्ट कनेक्ट’, ‘क्लायंट स्टीअरिंग’ अशा नावाखाली ही ढकलाढकल दडलेली असते. फोन निसटत असेल तर ती दोन दिवस बंद करून पाहावी. ‘आर’ची सोय मुख्यतः मोठ्या कार्यालयांसाठी फायद्याची आहे, जिथे दर वेळी दूरच्या सर्व्हरकडून ओळख पटवून घ्यावी लागते. घरगुती पासवर्डाच्या नेटवर्कमध्ये ही ओळख चार छोट्या संदेशांत पूर्ण होते, आणि काही जुने फोन ‘आर’ चालू असताना गोंधळतात, म्हणून पर्याय असेल तर मी आधी ‘आर’ बंद करीन आणि ‘के’ व ‘व्ही’ चालू ठेवीन. डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ या सुरक्षापद्धतींचे मिश्रण चालू असेल, तर चाचणीपुरते एक दिवस फक्त डब्ल्यूपीए२ ठेवून पाहण्यासारखे आहे. असा बदल केल्यावर फोनमध्ये त्या नेटवर्कची नोंद विसरायला लावून ते नव्याने जोडावे, नाहीतर जुन्या नोंदीमुळेच चाचणी फसते.

फोन केव्हा निसटतो, याची वेळ लिहून ठेवणे हा तपासातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. झोपलेला फोन आपला वायफाय रेडिओ बहुतांश वेळ बंद ठेवतो आणि नोडकडून साधारण दर १०२.४ मिलिसेकंदांनी निघणाऱ्या हाकांपैकी ठरावीक हाकांनाच जागा होतो. पुष्कळ राउटर सगळ्या उपकरणांना मिळून दिलेली, संदेश गुप्त ठेवणारी सामायिक किल्ली ठरावीक काळाने, बहुधा तासाने, बदलतात. त्या वेळी गाढ झोपलेल्या फोनने उत्तर दिले नाही, तर राउटर त्याला बाहेर काढतो. म्हणून टेबलावर पडलेला फोन अगदी ठरावीक अंतराने निसटत असेल, तर दोष भिंतींत शोधू नये. ही किल्ली किंवा राउटरने फोनला दिलेल्या आयपी पत्त्याची (नेटवर्कवरच्या क्रमांकाची) मुदत तपासावी, आणि फोनची बॅटरी वाचवणारी सोय बंद करून फरक पडतो का ते पाहावे.

याउलट, वेळेचा काही धरबंध नाही, पण निसटतात तेव्हा एका नोडवरचे सगळे फोन एकदम निसटतात, असे असेल तर रडारचा संशय घ्यावा. हे ऐकायला अतिशयोक्तीचे वाटेल, पण ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला ५२ ते १४४ क्रमांकांच्या चॅनलांचा (पट्ट्याच्या छोट्या तुकड्यांचा) भाग रडारही वापरतात आणि बऱ्याच देशांत वायफायला तिथे पाहुण्यासारखे राहावे लागते. रडारची चाहूल लागताच राउटरला दहा सेकंदांत तो चॅनल सोडावा लागतो आणि पुढची तीस मिनिटे तिथे परतता येत नाही. नवा चॅनलही त्याच पट्ट्यातला निवडला, तर आधी किमान साठ सेकंद नुसते ऐकत बसावे लागते. कधीकधी रडार नसतानाही राउटरला त्याचा भास होतो आणि सगळी पळापळ उगीचच होते. टीव्हीने पुढचा कार्यक्रम थोडा साठवून ठेवलेला असल्याने त्याच्यावर छोटा खंड जाणवतही नाही, पण फोनवरचा चालू कॉल मात्र तत्क्षणी तुटतो. टीव्हीचे बिनबोभाट चालणे हा नेटवर्क निर्दोष असल्याचा पुरावा का मानू नये, हे यावरून दिसते. चॅनल ३६ ते ४८ यांच्या दरम्यान स्वतः ठरवून दिल्यास ही शंका लगेच फिटते. शेजारपाजारचे राउटरही तिथेच गर्दी करून असले तर वेग थोडा उतरेल, तेवढे सोसावे.

काही वेळा वायफाय तुटलेलेच नसते. नेटवर्कशी जोडल्यावर अँड्रॉइड फोन इंटरनेटवरच्या एका ठरलेल्या पत्त्याला छोटीशी विचारणा करतो आणि रिकामे उत्तर अपेक्षित धरतो. ते आले नाही, तर सिग्नल कितीही जोरदार असला तरी ‘इंटरनेट नाही’ असा शिक्का मारून फोन मोबाइल डेटाकडे वळू शकतो. आयफोनमध्येही २०१५ साली आयओएस ९ पासून ‘वायफाय असिस्ट’ ही तशीच सोय आहे. त्यामुळे तपासाच्या काळात फोन विमान मोडमध्ये टाकून फक्त वायफाय चालू ठेवावे, म्हणजे पळवाट बंद होते आणि खरे काय घडते ते दिसते. तक्रारीच्या क्षणी राउटरचे स्वतःचे सेटिंगचे पान उघडत असेल, पण बाहेरचे काहीच उघडत नसेल, तर फोन आणि वायफाय दोघेही बहुधा निर्दोष आहेत. राउटरचे पानही उघडत नसेल, तर दोष फोन आणि नोड यांच्यात किंवा दोन नोडांच्या मधल्या दुव्यात आहे.

हा मधला दुवा, म्हणजे बॅकहॉल, जिथे सिग्नल पोहोचत नाही नेमक्या तिथे नोड ठेवल्याने कमजोर होतो. ज्या नोडला स्वतःलाच नीट ऐकू येत नाही, तो फोनला भरलेल्या रेघा दाखवून आत मात्र उपाशी ठेवतो. मुख्य राउटर आणि सिग्नल न पोहोचणारी खोली यांच्या मध्यावर तो ठेवावा, आणि केबल टाकणे शक्य असेल तर प्रश्नच मिटतो. जुन्या राउटरचे वायफाय त्याच नावाने आणि त्याच पासवर्डाने चालू राहिले आहे का, हेही पाहावे. मेश आणि तो राउटर दोघेही आपापले आयपी पत्ते वाटत असतील, तर फोन एका दारातून दुसऱ्या दारात जाताना पत्ताच बदलतो आणि चालू असलेली प्रत्येक जोडणी तुटते. जुन्या राउटरचे वायफाय बंद करावे, आणि पत्ते वाटण्याचे काम दोघांपैकी एकाकडेच ठेवावे.

आणि इतके करूनही घरातला एकच फोन निसटत असेल, तर नोडांना हात लावण्याचे कारण उरत नाही. व्हीपीएन (इंटरनेटची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय), खासगी डीएनएस (संकेतस्थळांचे पत्ते गुप्तपणे शोधण्याची सोय) आणि बॅटरी बचत हे आधी बंद करून पाहावे. राउटरमध्ये ठरावीक उपकरणांनाच प्रवेश देण्याची यादी असेल, तर ती तपासावी, कारण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन आपला खरा हार्डवेअर पत्ता न सांगता नेटवर्कगणिक वेगळा पत्ता सांगतात आणि जुन्या यादीला तो अनोळखी वाटतो. नेटवर्क सेटिंग रीसेट करण्याचा मार्ग शेवटी राखून ठेवावा, आणि तो वापरण्यापूर्वी वायफायचे सगळे पासवर्ड लिहून घ्यावेत, कारण ते पुसले जातात आणि ब्लूटूथची जोडलेली उपकरणेही बहुधा पुन्हा एकेक करून जोडावी लागतात.