देवमासा व डॉल्फिन दर्शन

देवमासे, डॉल्फिन आणि पोरपॉइज (डॉल्फिनसारखा, पण बोथट तोंडाचा लहान प्राणी) या सिटॅसिया गणातील सस्तन प्राण्यांना त्यांच्या नैसर्गिक अधिवासात, बहुधा किनाऱ्यालगतच्या समुद्रात बोटीने जाऊन पाहण्याची प्रथा. करमणूक, निसर्गशिक्षण आणि संशोधन असे तिचे तीन हेतू असून अनेक सफरींत ते एकमेकांत मिसळलेले असतात. बंदिस्त तलावांतील डॉल्फिनचे खेळ या प्रथेत मोडत नाहीत. कड्यावरून किंवा विमानातून केलेले निरीक्षण व्यापक अर्थाने तिच्यातच धरतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः बोटीच्या सफरींचा विचार केला आहे.

उगम

या व्यवसायाचा आरंभ बहुतेक लेखक १९५५ सालापासून धरतात. त्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथील एका मच्छीमाराने माणशी एक डॉलर घेऊन लोकांना करडे देवमासे (ग्रे व्हेल) दाखवायला बोटीतून नेले, असे सांगितले जाते. काही ठिकाणी मात्र १९५० हे साल आढळते. त्या वर्षी सॅन डिएगोच्याच पॉइंट लोमा या भूशिरावरील काब्रिलो राष्ट्रीय स्मारकात देवमासे पाहण्यासाठी सार्वजनिक जागा खुली करण्यात आली आणि पहिल्या हंगामात सुमारे १०,००० लोक तेथे येऊन गेले. ही दोन सालांची गल्लत मुख्यतः व्याख्येची आहे. पहिली घटना बोटीची व पैसे देऊन केलेल्या सफरीची, तर दुसरी जमिनीवरून विनामूल्य पाहण्याची. दोन्ही एकाच गावच्या असल्याने पुढील लेखनात त्या वारंवार एकत्र झाल्या.

तिसरे मत आणखी मागे जाते. सॅन डिएगोजवळच्या स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेतील मत्स्यशास्त्रज्ञ कार्ल हब्ज यांनी १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या विद्यार्थ्यांसह संस्थेच्या गच्चीवरून दक्षिणेकडे जाणाऱ्या करड्या देवमाशांची मोजदाद सुरू केली होती. शिकारीमुळे ही जात जवळजवळ संपल्याचा समज तेव्हा रूढ होता. ती पुन्हा वाढते आहे किंवा नाही, हे त्यांना पाहायचे होते. बोटीच्या सफरींपुरते १९५५ हेच साल ग्राह्य धरणे सयुक्तिक ठरते. परंतु देवमासा मारण्याऐवजी त्याच्यासाठी डोळे लावून बसण्याची सवय त्या किनाऱ्याला लागली ती या मोजदादीमुळे, हे मतही डावलता येत नाही.

सुरुवात नेमक्या याच जातीपासून का झाली, याला प्राणिशास्त्रीय कारण आहे. करडा देवमासा उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात उन्हाळाभर चरतो आणि हिवाळ्यात मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातील उथळ खाजणांत विणीसाठी येतो. जाऊन-येऊन सुमारे १६,००० ते २०,००० किमी.चा हा प्रवास तो बराचसा किनारा धरून आणि संथ गतीने करतो. तीन ते पाच वेळा श्वास घेऊन काही मिनिटे बुडी मारायची, हा त्याचा क्रमही ठरलेला. त्यामुळे लहान बोटीलाही तो सापडतो. शिकाऱ्यांनाही तो याच कारणाने सापडत असे. १८५०च्या दशकात चार्ल्स स्कॅमन या अमेरिकी कप्तानाने या खाजणांत शिरून शिकार आरंभली. पिलांच्या रक्षणासाठी माद्या होड्या उलथवत, म्हणून शिकाऱ्यांनी त्यांना ‘सैतान मासा’ असे नाव दिले. त्याच किनाऱ्यावरील सान इग्नासिओ खाजणात १९७२ मध्ये फ्रान्सिस्को मायोराल या मच्छीमाराच्या होडीशी एक करडा देवमासा आपण होऊन लगटला आणि मायोराल यांनी त्याला हात लावला. तेथील सफरींची परंपरा या प्रसंगापासून सांगतात. आजही त्या खाजणात माद्या पिलांना घेऊन होड्यांजवळ येतात. त्या असे का करतात याविषयी घासून घेण्याची गरज, कुतूहल, इंजिनाच्या आवाजाचे आकर्षण अशी स्पष्टीकरणे पुढे आली असून कोणतेही एक सर्वमान्य झालेले नाही.

अटलांटिकच्या बाजूला कॅनडात माँट्रिऑलच्या प्राणिशास्त्रीय संस्थेने १९७१ मध्ये सेंट लॉरेन्स नदीमुखात फिन व बेलुगा देवमासे दाखवण्यासाठी सफरी काढल्या. १९७५ मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील प्रॉव्हिन्सटाउन येथून स्टेलवॅगन उथळ्यावर हंपबॅक देवमासे दाखवण्यास प्रारंभ झाला. या दुसऱ्या उपक्रमाचे महत्त्व त्याच्या सालापेक्षा पद्धतीत आहे. प्रत्येक बोटीवर माहिती सांगणारा निसर्गअभ्यासक असे आणि तोच शेपटीची छायाचित्रे घेऊन नोंदी ठेवी. हंपबॅकच्या पुच्छपक्षाच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येक प्राण्यात वेगळी असते. परिणामी तिकीट काढून आलेल्या प्रवाशांच्या बोटीवरून एकेका मादीचा जीवनक्रम, तिची पिले व पिलांची पिले यांची दशकानुदशकांची नोंद तयार झाली. आजच्या सफरींचे मूळ सॅन डिएगोत असले, तरी त्यांचे उत्तम रूप प्रॉव्हिन्सटाउनला घडले, असे म्हणण्यास आधार आहे.

शिकारबंदीशी संबंध

आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाने १९८२ मध्ये व्यापारी शिकारीवर स्थगिती देण्याचा निर्णय घेतला आणि १९८५-८६ च्या हंगामापासून तो अंमलात आला. १९९३ च्या क्योटो येथील बैठकीपासून आयोगाने दर्शन-सफरींचा विषय औपचारिकपणे हाती घेतला आणि १९९६ मध्ये त्यासंबंधीची सर्वसाधारण तत्त्वे स्वीकारली. सफरींच्या उत्पन्नामुळे शिकार थांबली, असे विधान प्रचारसाहित्यात नेहमी आढळते. ते जपून घ्यावे लागते. अझोर्स बेटांवर स्पर्म देवमाशाची शिकार १९८०च्या दशकात बंद पडली ती प्रामुख्याने तेलाची बाजारपेठ आटल्याने व कायद्यामुळे. सफरी त्यानंतर आल्या. नॉर्वेत आन्देनेस येथे १९८८ पासून आणि आइसलँडमध्ये हुसाविक येथे १९९५ पासून सफरी चालतात, तरीही दोन्ही देशांनी पुढे व्यापारी शिकार केली आहे. सफरींनी शिकार संपवली असे म्हणण्यापेक्षा, शिकार संपल्यावर त्या कौशल्याला दुसरे काम दिले, हे अधिक खरे. अझोर्समध्ये कड्यांवरील टेहळणीच्या खोपटांतून, भिंतीतील आडव्या फटीपाशी दुर्बीण लावून पूर्वी शिकाऱ्यांना इशारा देत. आता त्याच खोपटांतून टेहळे सफरीच्या बोटींना रेडिओवरून दिशा सांगतात.

प्रसार

१९९१ मध्ये ३१ देशांत सुमारे ४० लाख, १९९८ मध्ये ८७ देशांत सुमारे ९० लाख आणि २००८ मध्ये ११९ देशांत सुमारे १.३ कोटी लोकांनी असे दर्शन घेतल्याचे अंदाज आहेत. २००८ मधील एकूण खर्च सुमारे २.१ अब्ज डॉलर मानतात. त्यातील निम्म्याहून कमी वाटा तिकिटांचा आणि उरलेला प्रवास, निवास इत्यादींचा होता. या आकड्यांत किनाऱ्यावरून व विमानातून पाहणारेही धरलेले असल्याने ते निव्वळ बोटींचे समजू नयेत.

न्यूझीलंडच्या कायकोरा येथे किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर खोल सागरी दरी असल्याने स्पर्म देवमासे वर्षभर दिसतात. तेथील माओरी समाजाने १९८७ मध्ये सुरू केलेला व्यवसाय स्थानिक मालकीचे उदाहरण म्हणून सर्वत्र दिला जातो. ऑस्ट्रेलियातील हर्वी उपसागर (हंपबॅक), अर्जेंटिनातील वाल्देस द्वीपकल्प (दक्षिणी राइट व्हेल), कॅनरी बेटे (पायलट व्हेल), श्रीलंकेतील मिरिस्सा (निळा देवमासा) व जपानची ओगासावारा बेटे ही अन्य प्रसिद्ध ठिकाणे होत. मिरिस्सा येथे मालवाहू जहाजांचा जगातील एक अत्यंत वर्दळीचा मार्ग आणि निळ्या देवमाशांची चरण्याची जागा एकमेकांवर आल्याने टकरींचा धोका मोठा आहे.

निरीक्षणाची रीत

देवमासा प्रथम दिसतो तो त्याच्या उच्छ्वासाने. फुप्फुसांतील उबदार हवा जोराने बाहेर पडताच तिच्यातील बाष्प व नाकपुड्यांवरील पाणी यांचा फवारा उडतो. तो पाण्याचे कारंजे नव्हे. फवाऱ्याच्या आकारावरून अनुभवी तांडेल दुरूनच जात ओळखतो : राइट व्हेलचा इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा दुभंगलेला, करड्याचा समोरून बदामाच्या आकाराचा, निळ्या देवमाशाचा नऊ मीटरपर्यंत उंच व सरळ. स्पर्म देवमाशाची नाकपुडी डोक्याच्या टोकाशी डाव्या बाजूला असल्याने त्याचा फवारा पुढे व डावीकडे झुकलेला असतो. वाऱ्याच्या दिवशी या खुणा विस्कटतात.

स्पर्म देवमासा काही मिनिटे पृष्ठभागावर लाकडाच्या ओंडक्यासारखा पडून श्वास भरतो, मग पाठ कमानदार करून शेपूट सरळ वर उभारतो आणि पाऊण-एक तासासाठी नाहीसा होतो. खाली जाताना शेपटीच्या फटकाऱ्याने पाण्यावर एक गुळगुळीत, तेलकट दिसणारे वर्तुळ उमटते. भोवतीच्या लाटा त्यात शिरत नाहीत आणि ते बराच वेळ टिकून राहते. प्राणी शेवटचा कोठे होता, हे बोटवाले त्यावरून ठरवतात. पुढचा शोध कानांनी घ्यायचा : पाण्यात सोडलेल्या हायड्रोफोनमधून (पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या यंत्रातून) स्पर्म देवमाशाची टकटक ऐकू येते आणि ती थांबली की तो वर येण्याच्या बेतात आहे असे समजतात.

डॉल्फिनचे दर्शन त्या मानाने सोपे असते, कारण ते अनेकदा स्वतःहून बोटीकडे येतात. पुढे सरकणाऱ्या नाळेसमोर (बोटीच्या पुढच्या टोकासमोर) पाण्याचा दाब वाढतो; त्या दाबावर शरीर तोलून शेपूट जवळजवळ न हलवता ते बोटीबरोबर धावतात. मोठ्या देवमाशांच्या डोक्यापुढेही ते असेच पोहताना दिसले आहेत. डॉल्फिन नाळेशी आले म्हणजे त्यांना बोट हवीच आहे, असा अर्थ मात्र सरसकट काढता येत नाही. कळपातील पिलेवाल्या माद्या त्याच वेळी दूर राहिलेल्या असू शकतात आणि बोटीवरील सगळ्यांची नजर नाळेकडे असल्याने त्या कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

परिणाम

सफरींनी प्राण्यांना त्रास होतो का, हा या विषयातील सर्वांत वादग्रस्त व सर्वांत अभ्यासलेला प्रश्न. बोट जवळ येताच प्राणी दिशा बदलतात, बुडी लांबवतात, विश्रांती वा चरणे थांबवतात, याविषयी आता फारसे दुमत नाही. अमेरिका-कॅनडा सीमेवरील ओर्का (किलर व्हेल) बोटींच्या गजबजाटात आपल्या हाका लांबवतात, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. मतभेद पुढे सुरू होतात. क्षणिक बदलांनी जननक्षमता किंवा संख्या खरोखर घटते का? अनेक वर्षे व्यावसायिकांचा युक्तिवाद असा होता की, ज्या ठिकाणी प्राणी वर्षानुवर्षे परत येतात, तेथे त्यांना सफरींचे वावडे नसावे.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील शार्क उपसागरातील बाटलीनाक डॉल्फिनवरील संशोधनाने या युक्तिवादाला जबर धक्का दिला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सफरवाला नसताना, एक असताना व दोन असताना, अशा कालखंडांची तुलना केलेली आहे. दोन व्यावसायिक असताना सफरीच्या क्षेत्रातील डॉल्फिनचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटले. शेजारच्या सफरी नसलेल्या क्षेत्रात तशी घट नव्हती. संशोधकांचा निष्कर्ष असा की, बुजरे प्राणी निघून जातात आणि सोशिक तेवढे मागे उरतात. उरलेल्यांचे शांत वागणे पाहून सारे काही आलबेल आहे असे मानणे म्हणजे निघून गेलेल्यांना हिशेबातून वगळणे होय. या निष्कर्षानंतर शासनाने तेथील परवाने दोनवरून एकावर आणले. कळप लहान व एकाच जागी राहणारा असेल, तर धोका अधिक. स्थलांतर करणाऱ्या मोठ्या समूहांबाबत असा स्पष्ट पुरावा मिळालेला नाही. म्हणून एकाच अंतराचा नियम सर्व जातींना लावण्यापेक्षा, एका कळपामागे दिवसभरात किती बोटी व किती वेळ, याची मर्यादा ठरवणे प्रस्तुत लेखकास अधिक महत्त्वाचे वाटते.

नियम

न्यूझीलंडच्या १९९२ च्या नियमांनुसार देवमाशापासून किमान ५० मी. दूर राहावे लागते, ३०० मी.च्या आत लाट उठणार नाही इतक्या मंद गतीने जावे लागते आणि त्या टापूत एका वेळी तीनपेक्षा जास्त बोटी चालत नाहीत. अमेरिकेत हंपबॅकसाठी हवाई बेटांभोवती १०० यार्ड (सु. ९१ मी.) आणि अत्यंत दुर्मीळ उत्तर अटलांटिक राइट व्हेलसाठी ५०० यार्ड (सु. ४५७ मी.) अंतर बंधनकारक आहे. बऱ्याच ठिकाणी हे केवळ स्वेच्छेने पाळायचे संकेत आहेत. हंगामात बोटींची गर्दी झाली आणि एकाने मर्यादा मोडली की पाठोपाठ इतरही मोडतात, हा अनेक बंदरांचा अनुभव.

बोट कशी न्यावी, यावर नियमांत बरेच साम्य आहे. समोरून किंवा थेट पाठीमागून न जाता बाजूने, किंचित मागून, प्राण्याच्या मार्गाला समांतर जावे. वाट अडवू नये. कळप मधून फोडू नये. आई व पिलू यांच्यामध्ये येऊ नये. इंजिनाचा वेग एकदम वाढवू-घटवू नये. प्राणी स्वतःच जवळ आला तर इंजिन न्यूट्रलवर टाकून तो दूर जाईपर्यंत थांबावे. मोठ्या जहाजांच्या टकरींच्या अभ्यासावरून असे दिसते की, वेग दहा-बारा नॉट्सच्या (ताशी सागरी मैलांच्या) वर गेला की धडक प्राणघातक ठरण्याची शक्यता झपाट्याने वाढते.

पाण्यात उतरून देवमाशांबरोबर पोहण्याविषयी नियम सर्वांत विसंगत आहेत. टोंगामध्ये हंपबॅकजवळ एका वेळी चार पर्यटक व एक मार्गदर्शक उतरू शकतात. हवाईत मात्र २०२१ पासून, किनाऱ्यापासून दोन सागरी मैलांच्या आत, स्पिनर डॉल्फिनच्या ५० यार्ड (सु. ४६ मी.) जवळ जाण्यास बोटींना व पोहणाऱ्यांना मनाई आहे. हे डॉल्फिन रात्री खोल पाण्यात शिकार करतात आणि दिवसा उथळ उपसागरांत येऊन झोपतात. सफरींची वेळ नेमकी तीच असते.