१.३ मल्टीजेट : एक इंजिन, अनेक नावं आणि चेनचा घोळ

मारुतीच्या स्विफ्टमध्ये डीडीआयएस, टाटाच्या व्हिस्टा आणि मांझामध्ये क्वाड्राजेट, फियाटच्या पुंटो-लिनियामध्ये मल्टीजेट. बॉनेट उघडलं की खाली इंजिन तेच. नावात १.३ असलं तरी प्रत्यक्षात १२४८ सीसी. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, बोअर ६९.६ मिमी, स्ट्रोक ८२ मिमी. इतक्या कंपन्यांनी ते वापरलं की ‘राष्ट्रीय डिझेल इंजिन’ हे टोपणनाव पडलं आणि चिकटलं. मेकॅनिकची सवय आणि सुट्या भागांची मुबलकता इथूनच आली, आणि अर्धवट माहितीही.

मूळ इटलीच्या फियाटचं. कॉमन रेल पद्धत, म्हणजे दाबाखालचं डिझेल एकाच नळीतून सगळ्या सिलिंडरना पुरवणं, प्रवासी गाडीत पहिल्यांदा विकायला आली १९९७ मध्ये, अल्फा रोमिओ १५६ मधून. पुढची पायरी म्हणजे एकाच स्ट्रोकला डिझेल तुकड्यातुकड्यांत, पाच वेळांपर्यंत, फवारणं. ते या १२४८ सीसी इंजिनात २००३ साली आलं आणि पोलंडच्या कारखान्यात उत्पादन सुरू झालं. सुरुवातीची ताकद ७० पीएस. २००५ मध्ये १ ते १.४ लिटर गटातला आंतरराष्ट्रीय ‘इंजिन ऑफ द इयर’ पुरस्कारही मिळाला.

भारतात त्याचं बस्तान बसवलं ते करानं. २००६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. हे इंजिन त्या चौकटीत आयतंच बसत होतं. २००७च्या सुरुवातीला डिझेल स्विफ्ट आली : ७५ पीएस, २००० आरपीएमला १९० न्यूटन-मीटर. एक कारखाना मारुतीच्या बाजूचा, हरियाणात मानेसरला, दुसरा फियाट-टाटांचा, आपल्या शिरूर तालुक्यात रांजणगावला. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले, डिझेल मात्र स्वस्तच राहिलं आणि मागणी इतकी वाढली की मानेसरचं उत्पादन पुरेना. २०१२ मध्ये रांजणगावहून वर्षाला एक लाख इंजिनं स्पर्धक मारुतीलाच पुरवण्याचा करार झाला.

दोन अवतार लक्षात ठेवावेत. ७५ पीएसवाल्याला साधा, स्थिर पात्यांचा (फिक्स्ड जिऑमेट्री) टर्बो. १८०० आरपीएमच्या खाली त्यात जीव नाही, घाटात दुसऱ्या गिअरमधून तिसरा घाईनं टाकला की गाडी बसते. ९० पीएसवाल्याला व्हीजीटी, म्हणजे हलत्या पात्यांचा टर्बो, टॉर्क २०० न्यूटन-मीटर : एसएक्स४, अर्टिगा, सियाझ, मांझा. पिकअप चांगला, पण टर्बोच्या हलत्या पात्यांवर काजळी बसते आणि ती पाती अडकतात. ताण न देता केवळ शहरात फिरणाऱ्या गाडीत हे जास्त दिसतं.

आता चेन, म्हणजे पिस्टननं फिरणारा क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम यांना एका तालात ठेवणारी टायमिंग चेन. वाद सगळा इथेच आहे.

त्या काळच्या बऱ्याच छोट्या डिझेल इंजिनांना त्याच कामासाठी टायमिंग बेल्ट होता आणि ठरावीक किलोमीटरला तो बदलण्याचा खर्च ठरलेला होता. या इंजिनाला चेन दिली आणि ‘आयुष्यभर बघायला नको’ असं सांगितलं गेलं. शोरूमच्या तोंडी त्याचं ‘मेंटेनन्स-फ्री’ झालं. इथेच अर्थ बिघडला. चेन बदलण्याचं वेळापत्रक नाही, एवढंच त्यात खरं होतं. चेन ताणून धरणारा टेन्शनर हायड्रॉलिक आहे, म्हणजे तो इंजिन ऑइलच्या दाबावरच चालतो. ऑइलची क्षमता फिल्टर धरून जेमतेम ३ लिटर. बेल्टला ऑइलशी देणंघेणं नव्हतं, चेनचं सगळं आयुष्य ऑइलवर. या इंजिनाला ‘मेंटेनन्स-फ्री’ हा शब्द लावणं मुळातच चूक होतं.

युरोपात ऑइल बदलण्याची मुदत ३०,००० किलोमीटरपर्यंत ठेवली होती. कंपनीच्या गाड्या चालवणाऱ्यांना वार्षिक खर्च कमी दाखवायला हे सोयीचं, इंजिनाला नाही. तीन लिटर ऑइलमधलं अर्धा-पाऊण लिटर वाटेत जळलं आणि डिपस्टिक कोणी काढलीच नाही, तर उरलेलं ऑइल काजळीनं दाट होतं, चेंबरमधली (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यातली) जाळी चोंदते, टेन्शनर सैल पडतो. चेनच्या पिना-बुशांची झीज वाढते, यालाच आपण ‘चेन ताणली’ म्हणतो. भारतात मुदत १० ते १५ हजार होती, म्हणून इथे चेनच्या तक्रारी तुलनेनं कमी. वेळच्या वेळी ऑइल मिळालेल्या टॅक्सी चेनला हात न लावता लाखो किलोमीटर पळाल्या. बिघडल्या त्या बहुतेक स्वस्तात ड्रममधलं १५डब्ल्यू-४० ऑइल ओतलेल्या किंवा सेकंडहँड घेऊन ‘अजून पाच हजार चालेल’ म्हणत ओढलेल्या.

खूण ओळखायला सोपी. सकाळी थंड इंजिन चालू करताना चेनच्या बाजूनं दोन-तीन सेकंद खडखड येते, मग थांबते. पुढे ती गरम इंजिनातही राहते. स्कॅनरवर पी००१६, म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही असा कोड आला, तर गाडी तिथेच उभी करावी. टायमिंग सुटलं की व्हॉल्व्हवरचे रॉकर निसटतात किंवा तुटतात. नशीब बरं असेल तर तेवढ्यावर भागतं, नाहीतर व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. काम करायचंच तर चेन, टेन्शनर, दोन्ही गाइड आणि क्रँकचं स्प्रॉकेट एकत्र बदलावं. नुसती नवी चेन जुन्या दातांवर चढवली की काम लवकरच पुन्हा निघतं. कॅम आणि क्रँक लॉक करायच्या पिना नसलेल्या गॅरेजात ‘खुणा मारून बसवतो’ हे ऐकून घेऊ नये. चेंबर खाली उतरलेलाच असतो, तेव्हा ऑइलची जाळीही धुऊन घ्यावी.

डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या बुडाचं तांब्याचं वॉशर ही दुसरी नेहमीची जागा. ते गळू लागलं की ‘फुस-फुस’ असा आवाज, केबिनमध्ये धुराचा वास आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर. वॉशर पुन्हा वापरायचं नसतं आणि सीट कटरनं साफ न करता नवं बसवलं तर ते टिकत नाही. इंजेक्टर बदलला तर त्याच्यावरचा कोड ईसीयूत (इंजिनाच्या संगणकात) भरावाच लागतो. चारपैकी कोणता नादुरुस्त आहे हे प्रत्येक इंजेक्टरमधून टाकीकडे परतणारं डिझेल बाटल्या लावून मोजावं, अंदाजानं चारही बदलू नयेत.

एक्झॉस्टचा थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीनं अडकला की काळा धूर येतो आणि गाडी झटके खाते. यात इंधनाचा वाटा मोठा. बीएस-३ या जुन्या उत्सर्जन मानकाच्या डिझेलमध्ये गंधक ३५० पीपीएमपर्यंत चालत होतं, बीएस-४ मध्ये ५० पीपीएम. बीएस-४ एप्रिल २०१० मध्ये फक्त १३ शहरांत आलं, देशभर यायला एप्रिल २०१७ उजाडलं. म्हणजे पुण्यात घेतलेली बीएस-४ गाडी गावाकडे जाऊन बीएस-३ डिझेल पीत होती. त्यात केरोसीनची भेसळ असेल तर डिझेलचा वंगणगुण जातो, आणि हाय-प्रेशर पंप त्या वंगणावरच जगतो. फिल्टरमधलं पाणी काढण्याचा स्क्रू पावसाळ्यानंतर एकदा सोडून बघणं फुकटात होतं.

आणखी एक गोंधळ परदेशी सल्ल्यांचा. युरोपातल्या नंतरच्या आवृत्त्यांना डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, होता. तो साफ होताना जादा फवारलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी वाढते. आपल्याकडच्या बीएस-४ स्विफ्टला डीपीएफच नाही. इथे पातळी वर गेली तर गळका इंजेक्टर शोधावा.

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही नियंत्रणमुक्त झालं, दरातलं अंतर घटलं. तरी २०१५ मध्ये सियाझ आणि अर्टिगात या इंजिनाला सौम्य हायब्रिडची जोड मिळाली, २०१६ मध्ये ब्रेझातही तेच ९० पीएस आलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू होणार म्हटल्यावर मात्र ते अद्ययावत न करण्याचं ठरलं. छोट्या गाडीच्या किमतीत तो खर्च बसत नव्हता, असं कारण पुढे आलं. मारुतीनं २०१९ मध्ये आणलेलं १४९८ सीसी, ९५ पीएसचं स्वतःचं डिझेलही वर्षभरात बंद केलं, तेव्हा प्रश्न एका इंजिनाचा उरला नव्हता.

आज सेकंडहँड घ्यायला गेलात तर विक्रेत्याला आदल्या रात्रीपासून गाडी चालू न करायला सांगा. सकाळी गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड आहे ना ते बघा, मग किल्ली फिरवून कान द्या.