पाण्यापासून हायड्रोजन

पाण्यातून वीज सोडून त्यातले हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळे करण्याची प्रक्रिया. शास्त्रीय नाव विद्युत अपघटन. विल्यम निकल्सन आणि अँथनी कार्लाइल यांनी १८०० साली लंडनमध्ये व्होल्टाच्या विद्युतघटावर पाणी असे फोडून दाखवले. ऋणाग्रावर हायड्रोजन जमतो, धनाग्रावर त्याच्या निम्म्या आकारमानाचा ऑक्सिजन. कारखान्यात शुद्ध पाण्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळतात, म्हणजे वीज सहज वाहते.

पाण्यावर गाडी चालवण्याचे दावे अधूनमधून कानावर येतात. पण पाणी हे इंधन नव्हे. हायड्रोजन जळून उरते ते पाणी, म्हणजे त्याची राखच. राखेतून पुन्हा इंधन काढायचे तर जळताना बाहेर पडलेली ऊर्जा तरी परत घालावीच लागते. उपसा सिंचनावर शेती करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळ उपसा योजनेच्या पंपांनी कृष्णेचे पाणी जतकडे चढवले आणि तेच पाणी खाली सोडून जनित्र फिरवले, तर उपशाला लागलेली वीज पुरती परत मिळत नाही. हायड्रोजनचा चढ मात्र फारच मोठा आहे. एक लिटर पाणी फोडायला किमान ४.४ युनिट ऊर्जा लागते. पंपातली गळती सोडून हिशोब केला, तर तेवढ्यात सुमारे १६ हजार लिटर पाणी १०० मीटर उंच चढेल!

एक किलो हायड्रोजनला सुमारे ९ लिटर पाणी आणि सिद्धांतानुसार ३९.४ युनिट लागतात. प्रत्यक्षात ५० ते ५५. पुढे तो दाबून भरण्यात आणि इंधन घटात पुन्हा वीज करण्यात आणखी घट होते. शंभर युनिटांतले जेमतेम तीस-चाळीस हाती येतात. बॅटरीतून त्याहून कितीतरी जास्त मिळतात, म्हणून रोज चार्ज होणाऱ्या दुचाकीसाठी हायड्रोजनचा आग्रह धरणे व्यर्थ आहे.

खत कारखान्यातला अमोनिया आणि पोलाद यांची गोष्ट निराळी. अमोनियाला हायड्रोजन कच्चा माल म्हणूनच लागतो, आणि आज तो मुख्यतः नैसर्गिक वायू किंवा कोळशापासून काढतात. पोलादासाठी लोहखनिजातला ऑक्सिजन काढायला कोळशाऐवजी तो वापरता येतो. भारताच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाने (२०२३) २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजनचे, म्हणजे मुख्यतः सौर-पवन अशा अक्षय विजेवर काढलेल्या हायड्रोजनचे, लक्ष्य ठेवले आहे. सातारा जिल्ह्यात वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या पावसाळी वाऱ्यात जोरात फिरतात. त्या दिवसांत ग्रिडला नको असलेली वीज असेल, तर ती अपघटनाला देणे योग्य. मात्र त्यासाठीची यंत्रणा महाग असते. वर्षातले काहीच महिने चालवली तर तिचा खर्च प्रत्येक किलोवर चढतो.