इराण एका झटक्यात मुसलमान झाला का?

'अरबांनी इराण जिंकला आणि तलवारीच्या धाकानं सगळी प्रजा लगेच मुसलमान झाली,' असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो. लढाया झाल्या, रक्त सांडलं, हे खरंच. पण अरबांआधीची इराणी राजवट, म्हणजे सासानी सत्ता, 651 मध्ये संपली, आणि मुसलमान बहुसंख्य व्हायला त्यानंतर दोनेक शतकं तरी गेली.

उलट 700 च्या सुमारास इराकच्या सुभेदारानं, जिझिया (बिगरमुस्लिमांवरचा कर) बुडतो म्हणून, शहरात आलेल्या नवमुस्लिमांना परत गावी हाकललं. बसऱ्याचे कुराणपाठी विद्वान त्यांच्यासोबत रडले, असं जुने अरबी इतिहासकार लिहितात. त्याच सुमारास पेटलेल्या बंडात असे अनेक विद्वान सुभेदाराविरुद्ध उतरले.

पडताळायला संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर अरब अमलातले, सातव्या शतकातले चांदीचे दिरहम (नाणी) पाहा: सासानी राजाचा चेहरा, मागच्या बाजूला जुन्या पारशी धर्माची अग्निवेदी, पहलवी या जुन्या इराणी लिपीत अरब सुभेदाराचं नाव आणि कडेला अरबीत 'बिस्मिल्लाह'.