टन म्हणजे दरवेळी वजनच असं नाही हो

मुरगाव बंदरात मोठी क्रूझ लागली की वास्कोत चहाच्या गाड्यावर कोणीतरी हमखास सांगतं, "बघ रे, लाखभर टन वजन आहे तिचं!" हे चूक आहे आणि वर्षानुवर्षं चाललंय. क्रूझचा जो आकडा सांगतात तो ग्रॉस टनेज, म्हणजे जहाजात बंदिस्त जागा किती त्याचं माप, वजन नव्हेच. जुन्या पद्धतीत १०० घनफूट म्हणजे १ टन धरायचे, १९६९ च्या आंतरराष्ट्रीय करारानं सूत्र बदललं पण माप जागेचंच राहिलं. मुळात हा शब्दच दारूच्या मोठ्या पिंपावरून आलाय, जहाजात किती पिंपं मावतात ते मोजायचे (गोव्यात हे पटायला जड जाऊ नये). बार्जमधून खनिज जातं तो टन मात्र खरा वजनाचा, १००० किलो.

आणि दीड टनाचा एसी? आमच्या शेजारच्या काकांनी भिंत पेलेल का बघायला गवंडी बोलावलेला, खरंच. तिथे १ टन म्हणजे साधारण ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते तेवढी खोलीतून बाहेर काढायची ताकद, साडेतीन किलोवॅटच्या आसपास. एसी दोन माणसांनी उचलून लावला, गवंडी चहा पिऊन गेला.