पीआर आणि नागरिकत्व : मुलाबाळांसह परदेशी स्थायिक होताना होणारी गल्लत

‘ते आता तिकडचेच झाले,’ असं परदेशी गेलेल्या कुटुंबाबद्दल आपण सहज बोलून जातो. कायद्याचं एवढ्यावर भागत नाही. त्याच्या लेखी त्या घरातली आई नागरिक असू शकते, वडील अजून पीआरवर, थोरली मुलगी आईवडिलांच्या अर्जावर आलेली म्हणून तीही पीआरवर आणि धाकटा तिथेच जन्मलेला म्हणून पहिल्या दिवसापासून नागरिक. घर एक, पण प्रत्येकाचे कागद वेगळे आणि मुदतीही वेगळ्या.

पीआर म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना. अमेरिकेत त्याला ग्रीन कार्ड म्हणतात, ब्रिटनमध्ये इनडेफिनेट लीव्ह टू रिमेन. नाव कुठलंही असो, रोजच्या जगण्यात पीआरवाला आणि नागरिक यांच्यातला फरक शोधावाच लागतो. संरक्षण वगैरे खात्यांतल्या काही जागा सोडल्या तर नोकरी कुठेही करता येते, मुलं सरकारी शाळेत जातात, कर दोघांनाही चुकत नाही. त्यामुळे पीआर हातात पडला की ‘झालं एकदाचं’ म्हणून माणसं निर्धास्त होतात. फरक उघडा पडतो तो बराच काळ देशाबाहेर राहायची वेळ आली की, पोलिसांचं लचांड मागे लागलं की, नाहीतर मूल अठराचं व्हायला आलं की. मताचा हक्क हा फरक सगळ्यात जास्त सांगितला जातो. कुटुंबाच्या दृष्टीनं मला तो सगळ्यात कमी महत्त्वाचा वाटतो. न्यूझीलंडमध्ये तर सलग वर्षभर राहिलेल्या रेसिडेंटलाही मतदान करता येतं.

देशाबाहेर किती दिवस?

पीआर ही राहण्याची परवानगी आहे आणि ती राहण्यावरच टिकते. नागरिकत्वाला ही अट नाही. नागरिक वीस वर्षं बाहेर राहून परतला तरी विमानतळावर त्याला कोणी अडवत नाही.

कॅनडाचा हिशोब सगळ्यात स्पष्ट आहे. पीआर टिकवायचा तर कुठल्याही पाच वर्षांत किमान ७३० दिवस कॅनडात काढावे लागतात. नागरिकत्वाचा अर्ज करायचा तर अर्जाआधीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस. हे दोन आकडे लोक हमखास एकमेकांत मिसळतात. पहिला आहे ते राखण्यासाठी, दुसरा पुढचा टप्पा गाठण्यासाठी. पीआर मिळण्यापूर्वी वर्क परमिटवर किंवा विद्यार्थी म्हणून तिथे काढलेला प्रत्येक दिवस दुसऱ्या हिशोबात अर्धा धरतात, तोही जास्तीत जास्त ३६५ दिवसांपर्यंत. पहिल्या हिशोबात तो धरतच नाहीत.

इतर देशांच्या तऱ्हा निराळ्या. ब्रिटनमध्ये सलग दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिलं की इनडेफिनेट लीव्ह आपोआप संपतं. जर्मनीत कायम वास्तव्याचा परवाना साधारणपणे सहा महिने बाहेर राहिल्यावरच जातो. ऑस्ट्रेलियात पीआर कायमचा असतो, पण त्याच्यासोबतची ये-जा करण्याची मुभा पाच वर्षांची असते. ती संपल्यावर देशात राहायला आडकाठी नाही, मात्र बाहेर पडलात तर परत येण्यासाठी रेसिडेंट रिटर्न व्हिसा काढावा लागतो, आणि पूर्ण पाच वर्षांचा हवा असेल तर मागच्या पाचांतली दोन वर्षं तिथे राहिलेलं असावं लागतं. अमेरिकेत ग्रीन कार्ड राखायला दिवसांचा ठरावीक कोटा नाही. तिथे पाहतात ते तुमचं बिऱ्हाड खरोखर कुठे आहे हे. वर्षभर किंवा जास्त बाहेर राहायचं असेल तर निघण्याआधीच रीएंट्री परमिटचा अर्ज करावा लागतो. ते परमिट जास्तीत जास्त दोन वर्षांचं मिळतं.

लहान मुलं असलेल्या घरात हा प्रश्न कसा उभा राहतो ते बघा. मूळ गावी आजी आजारी पडते. आई दोन्ही मुलांना घेऊन तिच्याजवळ जाते, वडील नोकरी सोडू शकत नाहीत म्हणून मागे राहतात. सहा महिन्यांचं वर्ष होतं, वर्षाची तीन वर्षं होतात, मुलं तिथल्याच शाळेत रुळतात. वडिलांचे दिवस तिकडे भरत असतात आणि सगळ्यांना वाटतं, घर चालू आहे, घरभाडं जातंय, म्हणजे कुटुंबाचं सगळं शाबूत आहे. पण कॅनडात ७३० दिवसांची अट माणशी आहे, कुटुंबामागे नाही, आणि सात वर्षांच्या मुलालाही ती लागू आहे. मुलाच्या हिताचा विचार करून सूट देता येते, पण ती मागावी लागते, कारणं मांडावी लागतात. याच घरात आई नागरिक असती आणि पीआरवरची मुलं तिच्यासोबत बाहेर राहिली असती, तर मुलांचे बाहेरचे दिवसही कॅनडात राहिल्यासारखेच धरले गेले असते. वडील नागरिक असून मागेच राहिले असते, तर काही उपयोग नव्हता, कारण अट नागरिक असलेल्या पालकाच्या सोबत राहण्याची आहे.

कार्डाची मुदत आणि दर्जाची मुदत यांतही घोळ होतो. कॅनडाचं पीआर कार्ड सहसा पाच वर्षांचं असतं, अमेरिकेचं ग्रीन कार्ड दहा वर्षांचं. कार्डाची तारीख उलटली म्हणून पीआर जात नाही. फक्त परत येताना विमानात चढू देत नाहीत आणि वकिलातीतून प्रवासाचा वेगळा कागद काढावा लागतो. उलट, कार्डावर चार वर्षं शिल्लक असूनही दिवस भरलेले नसतील तर दर्जा धोक्यात येऊ शकतो. माणसं कार्डाची तारीख बघत बसतात आणि पासपोर्टवरच्या शिक्क्यांकडे कानाडोळा करतात.

गुन्ह्याची शिक्षा आणि वर हद्दपारी

हा भाग कोणालाच आपल्यासाठी वाटत नाही. पण कॅनडात १८ डिसेंबर २०१८ पासून दारू पिऊन गाडी चालवण्याची कमाल शिक्षा दहा वर्षांची झाली, आणि दहा वर्षांची कमाल शिक्षा असलेला गुन्हा परकीयांच्या कायद्यात ‘गंभीर’ वर्गात मोडतो. न्यायाधीशानं प्रत्यक्षात नुसता दंड केला तरी पीआरवाल्याला देश सोडायचा आदेश निघू शकतो. ऑस्ट्रेलियात बारा महिने किंवा जास्त शिक्षा होऊन माणूस तुरुंगात असेल तर पीआरचा व्हिसा रद्द करणं खात्याला बंधनकारकच आहे. नंतर दाद मागता येते, तोवर माणूस अनेकदा अडकून पडलेला असतो. नागरिकाला तोच गुन्हा केल्याबद्दल तीच शिक्षा होते, पण शिक्षा भोगून तो घरी जातो. नागरिकत्वही काढून घेता येतं, नाही असं नाही. पण ते मुख्यतः खोटी माहिती देऊन मिळवलं असेल तर.

बाळ जन्मलं त्या दिवशी

‘मूल तिकडे जन्मलं म्हणजे तिकडचं नागरिक’ हा समज कॅनडापुरता जवळपास खरा आहे, परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांची मुलं वगळता. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९८३ पासून तो खरा नाही, ऑस्ट्रेलियात २० ऑगस्ट १९८६ पासून नाही, न्यूझीलंडमध्ये १ जानेवारी २००६ पासून नाही. या तिन्ही देशांत आईवडिलांपैकी एक जण नागरिक किंवा कायम वास्तव्याचा हक्क असलेला असावा लागतो, आणि तेही बाळाच्या जन्माच्या दिवशी.

इथे पीआरचं खरं वजन कळतं. वर्क व्हिसावरच्या जोडप्याला बाळ झालं आणि महिन्याभरानं पीआर आला, तर बाळ जन्मानं नागरिक नाही. पीआर महिनाभर आधी आला असता तर झालं असतं. म्हणजे आईवडील स्वतः नागरिक नसतानाही मुलाला नागरिकत्व देऊ शकतात. पीआरला कमी लेखणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. संधी हुकली तरी दार बंद होत नाही. ब्रिटनमध्ये पालकाला इनडेफिनेट लीव्ह मिळाल्यावर, मूल अठराच्या आत असताना त्याची नागरिक म्हणून नोंदणी करता येते. ऑस्ट्रेलियात जन्मलेलं मूल तिथेच वाढलं तर दहाव्या वाढदिवशी आपसूक नागरिक होतं, आईवडिलांचा व्हिसा कुठलाही असो.

अठराव्या वर्षाआधी

सोबत नेलेल्या मुलांचं गणित याहून किचकट, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त घरं इथेच गाफील राहतात. आईवडील विचार करतात, आपण पीआरवर सुखात आहोत, नागरिकत्वाचं पाहू सावकाश. सावकाशपणाची किंमत मूल मोजतं.

अमेरिकेत २७ फेब्रुवारी २००१ पासून असा कायदा आहे की अठराच्या आतलं मूल ग्रीन कार्डवर अमेरिकेत पालकासोबत राहत असेल आणि त्याच्या ताब्याचा कायदेशीर हक्क असलेला तो पालक नागरिक झाला, तर मूलही त्याच क्षणी आपोआप नागरिक होतं. वेगळी परीक्षा नाही, शपथ नाही. पण पालकाचा शपथविधी मुलाच्या अठराव्या वाढदिवसानंतर आठवड्यानं झाला, तर त्या मुलाला स्वतःचा अर्ज, स्वतःची मुलाखत, सगळं पहिल्यापासून. ग्रीन कार्ड मिळाल्यावर नागरिकत्वासाठी साधारण पाच वर्षं थांबावं लागतं, त्यात अर्ज निकालात निघायला लागणारे महिने वेगळे. मूल बारा-तेरा वर्षांचं असताना ग्रीन कार्ड मिळालेल्यांनी कॅलेंडर समोर घेऊनच बसावं.

कॅनडात आपोआप काही होत नाही, पण आईवडिलांसोबत अर्ज केला तर अल्पवयीन मुलाला १,०९५ दिवसांची अट नाही. ऑस्ट्रेलियातला फटका थेट पैशाचा आहे. विद्यापीठाची अनुदानित जागा पीआरवाल्या मुलालाही मिळते, मात्र फी नंतर पगारातून फेडण्याची कर्जाची सोय काही अपवाद सोडता नागरिकांनाच आहे. एकाच वर्गातल्या दोघांपैकी एक जण नोकरी लागल्यावर फी फेडतो आणि दुसऱ्याच्या आईवडिलांना ती प्रत्येक सत्राला आधी भरावी लागते.

सिंगापूरचं प्रकरण उलट्या बाजूचं. आईवडिलांच्या अर्जावर पीआर झालेल्या मुलग्याला दोन वर्षांची सक्तीची राष्ट्रीय सेवा करावी लागते, तो नागरिक नसला तरी. पीआर सोडून ती टाळली, तर पुढे तिथे शिकायला किंवा नोकरीला यायच्या अर्जावर त्याचा वाईट परिणाम होतो, असं सरकार आधीच सांगून ठेवतं. पाच वर्षांच्या मुलाच्या वतीनं सही करताना हे कोणाच्या फारसं डोक्यात नसतं.

हक्क होता, कागद नव्हता

१९४८ नंतर कॅरिबियन बेटांवरून हजारो कुटुंबं ब्रिटनला गेली. तेव्हा ती बेटं साम्राज्यात होती, त्यामुळे ही माणसं ब्रिटिश प्रजा म्हणूनच उतरली. कित्येक मुलं तर आईवडिलांच्या पासपोर्टवर आलेली, त्यांच्या नावाचा वेगळा कागदच नव्हता. १९६२ पासून बेटं एकेक करून स्वतंत्र झाली. १ जानेवारी १९७३ ला नवा कायदा लागू झाला तेव्हा आधीपासून स्थायिक असलेल्यांचा राहण्याचा हक्क कायम ठेवला गेला, पण त्याचा दाखला कोणाला दिला नाही. चाळीस वर्षं काही अडलं नाही. मग २०१४ आणि २०१६ च्या कायद्यांनी घरमालक, नोकरी देणारे, बँका अशा सगळ्यांना कागद तपासायला लावलं, आणि साठीला आलेल्या माणसांच्या नोकऱ्या गेल्या, उपचार अडले, काहींना देशाबाहेर काढलं गेलं. ते आले कधी हे दाखवू शकली असती अशी आगमनाची जुनी कार्डं गृहखात्यानं २०१० मध्येच नष्ट केली होती. २०१८ मध्ये हे सगळं बाहेर आलं, सरकारनं माफी मागितली आणि गृहमंत्री अँबर रड यांनी त्याच गदारोळात राजीनामा दिला.

अमेरिकेत आपोआप नागरिक झालेल्या मुलाच्या हातातही जुनं ग्रीन कार्डच राहतं. म्हणून त्याचा पासपोर्ट किंवा नागरिकत्वाचं प्रमाणपत्र तेव्हाच काढून घ्यावं. वीस वर्षांनी पालकाचा शपथविधी, ताबा आणि पत्ता यांचे पुरावे शोधणं मुलाच्या नशिबी येऊ नये.

मग पीआरवरच का राहतात?

कारण नागरिकत्व घेताना काही जणांना जुनं सोडावं लागतं. कॅनडानं १९७७ पासून, ऑस्ट्रेलियानं २००२ पासून आणि जर्मनीनं २७ जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वाला सरसकट मोकळीक दिली आहे. पण भारत, चीन, सिंगापूर यांना ते मान्य नाही. भारताचं ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आजन्म ये-जा करू देतं. मत देण्याचा किंवा शेतजमीन विकत घेण्याचा हक्क त्यात नाही, आणि नावात नागरिक असलं तरी ते नागरिकत्व नव्हे.

म्हणून बऱ्याच घरांत एक जण नागरिकत्व घेतो आणि दुसरा पीआरवर राहून जुना पासपोर्ट राखतो. मुलांसाठी बहुतेक ठिकाणी एक नागरिक पालक पुरतो. ही तडजोड चालते, पण पीआरवर राहिलेल्याचे दिवस मोजणं सुटत नाही. कॅनडात नागरिक जोडीदारासोबत बाहेर काढलेले दिवस धरले जातात. ब्रिटनमध्ये, अमेरिकेत ही सवलत गृहीत धरून चालत नाही.