गल्लीच्या जागी जिना : पिट्सबर्ग असं का आहे

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात सातशेहून जास्त सार्वजनिक जिने आहेत. उतारावरून थेट खाली जाणारे, बाजूला पाइपाचा कठडा. कित्येक जिने नकाशात चक्क रस्ता म्हणून नोंदलेले आहेत आणि त्यांना रस्त्यासारखी नावाची पाटीही आहे. नवखा माणूस पत्ता शोधत गाडी घेऊन येतो आणि समोर पायऱ्या!

ॲलेगेनी आणि मोनाँगाहेला या नद्या इथे मिळतात आणि पुढे ओहायो म्हणून वाहतात. सपाट जमीन होती ती नदीकाठी, आणि ती पोलाद कारखान्यांनी घेतली. पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगीचा, शहराजवळच्या ब्रॅडॉक गावातला कारखाना १८७५ साली सुरू झाला. कामगारांची घरं डोंगरावर चढली. बारा तासांची पाळी, जायला-यायला हेच जिने. १८९२ साली जवळच्याच होमस्टेड गावात, कार्नेगीच्या दुसऱ्या कारखान्यातल्या संपात कंपनीने बोलावलेल्या हत्यारी रखवालदारांशी कामगारांची चकमक झाली, माणसं मेली आणि संघटना मोडली. आठ तासांचा दिवस यायला १९२३ उजाडावं लागलं.

आणि धूर! १९४०च्या सुमाराला भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लावावे लागत. कचेरीत जाणारे लोक दुसरा पांढरा शर्ट सोबत नेत, कारण जेवणाच्या सुट्टीपर्यंत पहिल्याची कॉलर काळी पडलेली असे. ‘कारखाने बंद पडले म्हणून हवा सुधारली’ असं सर्रास म्हटलं जातं, पण तो काळा धूर हटला तो कायद्याने. धूरबंदीचा नियम १९४१ साली झाला, युद्धामुळे रखडला आणि १९४६पासून अमलात आला. घरोघरच्या शेगड्यांत कोळशाच्या जागी गॅस आला, रेल्वेत डिझेल इंजिनं आली. भट्ट्या तेव्हा धडधडत होत्या. हे श्रेय शहराला मिळायलाच हवं.

भट्ट्या विझल्या त्या नंतर, १९८०च्या दशकात. होमस्टेडचा कारखाना १९८६ साली बंद झाला; त्या जागी आज दुकानं आहेत आणि विटांच्या चिमण्यांची एक रांग तेवढी उभी आहे. १९५० साली शहरात ६,७६,८०६ माणसं होती, २०२० साली ३,०२,९७१. तरुण मुलं कामाच्या शोधात परराज्यांत गेली. शहराला पुन्हा सावरलं ते विद्यापीठांनी आणि हॉस्पिटलांनी. पोलाद कंपनीने बांधलेल्या सर्वांत उंच इमारतीवर आज हॉस्पिटल समूहाची अक्षरं आहेत.

ब्रॅडॉकचं मात्र मनाला लागून राहतं. कार्नेगीने अमेरिकेत दिलेलं पहिलं वाचनालय, १८८९ सालचं, इथलंच. त्याच्या तळघरात कामगारांसाठी न्हाणीघरं होती. पाळी संपली की अंगावरची काजळी धुवायची आणि मग वर पुस्तकांकडे जायचं. शंभर वर्षांपूर्वी या गावात वीस हजारांच्या आसपास वस्ती होती, आज दोन हजारही नाही. कारखाना अजून चालू आहे. गावातलं हॉस्पिटल २०१० साली बंद झालं.